वीज, पाल आणि तुंबलेली नळी

आमच्या घरात वातानुकूलन यंत्र आले ते हौसेखातर आले नाही. आत्याबाई अंगणात घसरून पडल्या, मांडीचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, आणि त्यांना घरी आणले तेव्हा मे महिना तोंडावर आला होता. गोव्यातला मे ज्यांनी काढला आहे त्यांना अधिक सांगायला नको. पारा पाहिला तर फार चढलेला नसतो, ३४-३५ अंशांच्या आसपास घुटमळत असतो. पण हवेत ओल इतकी की अंगावरचा घाम अंगावरच राहतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला असा घाम साचला की कातडी सोलवटते आणि जखमा होतात, तेव्हा खोली थंड नि कोरडी ठेवा, असे डॉक्टरांनी बजावले. मग चिऱ्याच्या जुन्या भिंतीला भोक पाडून, लाकडी माळ्याखालच्या त्या खोलीत, दीड टनाचे यंत्र बसले. आत्याबाईंनी पहिल्या रात्री त्याच्याकडे संशयाने पाहिले. दुसऱ्या रात्री त्या गाढ झोपल्या.

यंत्र घेताना दुकानदाराने तारे किती, विजेचे बिल किती, हप्ते किती हे सारे सांगितले. त्याने न सांगितलेल्या गोष्टी आम्ही पुढल्या सव्वा वर्षात शिकलो, आणि त्या शिकण्याची फी बरीच पडली. गेल्या काही वर्षांत आपल्यापैकी अनेकांच्या घरी ही यंत्रे आली आहेत, बहुधा अशीच कोणा म्हाताऱ्या माणसाच्या किंवा तान्ह्या बाळाच्या निमित्ताने. म्हणून हा लेखनप्रपंच.

पहिला तडाखा बसला तो ऑक्टोबरात. आपल्याकडे विजा कोसळतात त्या ऐन आषाढ-श्रावणात नव्हेत. त्या दिवसांत पाऊस धो धो पडतो, पण गडगडाट बेताचाच असतो. विजांचा काळ म्हणजे मृगाच्या आधीचे वळिवाचे दिवस आणि हस्त-चित्रा नक्षत्रांतल्या परतीच्या पावसाच्या संध्याकाळी. तशाच एका संध्याकाळी शेजारच्या भाटातल्या माडावर वीज पडली. माडाचा शेंडा पेटला, घरातले दिवे एकदा लखकन मोठे झाले आणि गेले. आमच्या आईच्या पिढीतल्या माणसांप्रमाणे आत्याबाईंनी अर्जुनाची दहा नावे घ्यायला सुरुवात केली होती; ती पुरी होण्याआधीच सारे आटोपले. अर्ध्या तासाने वीजपुरवठा परत आला, पंखे फिरू लागले, दिवे लागले. वातानुकूलन यंत्र मात्र लागले नाही.

मेकॅनिकने बाहेरच्या भागाचे झाकण उघडले, आतली हिरवी पाटी काढून आमच्यासमोर धरली. तिच्यावर एका जागी काजळी धरली होती. पाटीची किंमत यंत्राच्या किमतीच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त निघाली. हमीपत्र काढून पाहिले, तर बारीक अक्षरांत लिहिलेले होते की वीज पडून, उंदीर-कीटकांमुळे वा विद्युत्दाब कमीजास्त झाल्यामुळे होणारे नुकसान हमीत बसत नाही. वाचकांनी आपापली हमीपत्रे एकदा काढून पाहावीत. बहुतेकांत असेच कलम सापडेल. आत्याबाईंनी मात्र अगदी योग्य प्रश्न विचारला. ‘अरे, वीज पडली माडावर. यंत्र आपले कसे गेले?’

या प्रश्नाचे उत्तर समजून घेण्यासारखे आहे, कारण घराघरांतली अशी यंत्रे बहुधा अशीच जातात. प्रत्यक्ष घरावर वीज कोसळण्याची गरज नसते. आकाशातल्या एका सर्वसाधारण विजेत सुमारे ३०,००० अँपिअरचा प्रवाह असतो. आपल्या घरातला वातानुकूलन यंत्राचा प्रवाह सात-आठ अँपिअरचा. त्यावरून अंदाज यावा. हा प्रचंड प्रवाह सेकंदाच्या अगदी सूक्ष्म अंशात चढतो आणि उतरतो, आणि त्याच्याभोवती तितक्याच झपाट्याने बदलणारे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. त्या क्षेत्रात खांबांवरून गेलेल्या विजेच्या तारा, केबलच्या तारा, टेलिफोनच्या तारा सापडल्या की त्यांच्यात विद्युत्दाबाची एक लाट उठते. शिवाय जमिनीत शिरलेला प्रवाह आजूबाजूच्या भूमीचाच विद्युत्दाब क्षणभर उचलतो, आणि तो अर्थिंगच्या वाटेने उलटा घरात येऊ शकतो. म्हणजे वीज माडावर पडली तरी तिची लाट तारेवरून आणि जमिनीतून आमच्या उंबरठ्याच्या आत आली.

जुन्या खिडकीत बसवायच्या यंत्रात नाजूक असे फारसे काही नव्हते. एक मोटर, एक कपॅसिटर, एक कळ फिरवायची तापमाननियंत्रक. अशी क्षणिक उसळी ते पुष्कळदा पचवून टाकी. आजचे इन्व्हर्टर पद्धतीचे यंत्र आधी घरातला प्रत्यावर्ती प्रवाह एकदिश करते, मग इलेक्ट्रॉनिक घटकांच्या साह्याने पुन्हा हवा तसा घडवून मोटरला देते. त्यामुळे विजेची बचत होते हे खरे. पण ते घटक नखाएवढे असतात आणि हजार-दोन हजार व्होल्टचा एक फटका त्यांना पुरतो.

येथे एक सार्वत्रिक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘आमच्याकडे स्टॅबिलायझर आहे, आम्हाला भीती नाही’, असे म्हणणारे अनेक भेटतात. मीही त्यांतलाच होतो. स्टॅबिलायझर विद्युत्दाब १७० झाला वा २७० झाला तर तो सावरतो, पण त्याच्या आतली यांत्रिक कळ हलायलाच सेकंदाचे काही हजारावे भाग लागतात. विजेची लाट आपल्या शिखराला पोहोचते ती सेकंदाच्या काही दशलक्षांश भागांत. चोर घर लुटून वेशीबाहेर गेल्यावर कुत्रा भुंकावा तसा हा प्रकार आहे. मीटरजवळच्या एम.सी.बी.चेही तेच. आणि ज्याला जुने लोक ई.एल.सी.बी. म्हणतात ते उपकरण माणसाला झटका बसू नये म्हणून असते. ते घरात असलेच पाहिजे, पण विजेच्या लाटेशी त्याचा संबंध नाही.

त्या कामासाठी वेगळे उपकरण मिळते. त्याला सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस, थोडक्यात एस.पी.डी. म्हणतात, आणि ते घराच्या मुख्य वितरण पेटीत बसवायचे असते. त्यात बहुधा झिंक ऑक्साइडची एक चकती असते. नेहमीच्या २३० व्होल्टला ही चकती बंद दरवाजासारखी असते, वीज तिच्यातून जात नाही. दाब ठरावीक मर्यादेपलीकडे उसळला की तोच दरवाजा क्षणार्धाच्याही आत उघडतो आणि जादा वीज अर्थिंगमध्ये सोडून देतो. धरणाला सांडवा असतो ना, तसे. साध्या घराला ‘टाइप २’ पुरते. छपरावर वीजवाहक सळी असलेल्या इमारतीला त्याच्या आधी ‘टाइप १’ लागते. घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. एक, त्याच्या जोडणीच्या तारा शक्य तितक्या आखूड व सरळ हव्यात, दोन्ही मिळून अर्ध्या मीटरच्या आत. वायरमन सवयीने तार गुंडाळून ठेवतो आणि तिथेच सगळा फायदा जातो. दुसरी, प्रत्येक फटक्यागणिक ती चकती झिजते. उपकरणावर एक बारीक खिडकी असते. ती हिरवी आहे तोवर ठीक, लाल झाली की बदलावे. आमच्याकडे आता दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ही खिडकी पाहण्याचे काम नातवाकडे आहे.

छपरावर तांब्याची सळी आहे म्हणून आतली उपकरणे सुरक्षित, असेही मानू नये. बेंजामिन फ्रँकलिनने १७५२ च्या सुमारास जिचा पुरस्कार केला ती सळी भिंती आणि छप्पर वाचवते, आग टाळते. पण घराच्या अंगावरूनच ती इतका मोठा प्रवाह खाली नेते की आतल्या तारांत लाट उठण्याचा संभव कमी होत नाही.

आणि हे सारे ज्यावर अवलंबून, ते अर्थिंग. सांडवा बांधला पण पुढे ओढाच नाही, तर पाणी जाणार कुठे? आपल्या भागात हा प्रश्न विशेष अवघड आहे. चिऱ्याची तांबडी जमीन पावसाळ्यात भिजलेली असते तोवर वीज बऱ्यापैकी शोषते. मार्च-एप्रिलात ती खडखडीत वाळली की तिचा विरोध कितीतरी वाढतो. आणि वळिवाच्या विजा नेमक्या त्या वाळलेल्या जमिनीवर येतात. आमच्या अर्थिंगचा खड्डा ज्या माणसाने तपासला त्याने आधी तो शोधला, कारण त्यावर आम्ही फरशी घालून टाकली होती! जुन्या पद्धतीत मीठ व कोळसा भरलेल्या खड्ड्यात उन्हाळ्यात अधूनमधून पाणी ओतायचे असते, हे घर बांधणाऱ्या आजोबांना ठाऊक होते. आम्ही विसरलो होतो.

फुकटचा आणि सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे प्लग काढून ठेवणे. नुसते बटण बंद करून भागत नाही. त्याने बहुधा एकच तार तुटते, दुसरी जोडलेलीच राहते. मात्र हे काम आभाळ भरून येत असताना करायचे, डोक्यावर गडगडू लागल्यावर नव्हे. लखलखाट दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावेत. तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या टप्प्यात आहे, आता प्लगला, नळाला वा तारेच्या टेलिफोनला हात लावू नये. यंत्र गेले तर दुसरे आणता येते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने ‘दामिनी’ नावाचे ॲप काढले आहे. आसपास विजा होऊ लागल्या की मोबाइलवर आधी सूचना मिळते. आमच्या सूनबाई त्यावर लक्ष ठेवून असतात. गावाला जाताना तर प्लग काढूनच जावे.

विजेने एका फटक्यात जे होते तेच पाल सावकाशीने करते. शेजारच्या वकिलांकडे भर पावसाळ्यात यंत्र बंद पडले. त्यांची खात्री की वीजच पडली असणार. बाहेरची पेटी उघडली, तर तारा जोडायच्या पट्टीवर आडवी होऊन एक पाल कोळसा झालेली. पावसाळ्यात पालीला ऊब हवी असते, आणि यंत्राची पाटी बंद अवस्थेतही किंचित कोमट असते. तारा आत जाण्याच्या भोकाला रबरी कडे असते, ते दुरुस्तीच्या वेळी निघते आणि मेकॅनिकच्या खिशात जाते; तीच पालीची वाट. यंत्रावर मेकॅनिक काम करून गेला की हे कडे परत बसले की नाही एवढे तरी आपण पाहावे. आतल्या भागाची कथा निराळी. पुष्कळ घरांत ट्यूबलाइट नेमकी यंत्राच्या शेजारी असते. उजेडाला चिलटे येतात, चिलटांना पाल येते, आणि पोट भरले की ती यंत्राच्या आडोशाला जाते. दिवा समोरच्या भिंतीवर नेला की अर्धे काम होते.

मुंग्यांचे वागणे अधिक चमत्कारिक आहे. त्या साखरेला येतात हे आपण जाणतो. विजेच्या कळांत त्या का शिरतात हे अनेकांना कोडे वाटते. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात अग्निमुंग्यांनी असा उच्छाद मांडला की तिथे त्याचा अभ्यास झाला. विजेचा धक्का बसलेली मुंगी मरताना धोक्याची सूचना देणारा गंध सोडते. त्या गंधाने इतर मुंग्या धावून येतात, त्याही तिथेच मरतात, आणि अखेर कळीच्या दोन तुकड्यांमध्ये मेलेल्या मुंग्यांचा असा थर जमतो की कळ मिटतच नाही. २००२ मध्ये ह्यूस्टन शहराजवळ दक्षिण अमेरिकेतून आलेली मुंग्यांची आणखी एक जात आढळली, तिनेही हेच केले. आपल्या मुंग्या इतक्या थोर नाहीत, पण यंत्राच्या पेटीत वारूळ करतात हे मी पाहिले आहे. यावर पेटीत कीटकनाशकाचा फवारा मारणे हा उपाय नव्हे. फवाऱ्यातला वायू पेट घेणारा असतो, शिवाय नव्या यंत्रांतला आर-३२ हा शीतक वायूही सौम्य ज्वलनशील आहे. मुंग्यांची रांग जिथून येते तिथे, मुलांच्या व मांजराच्या हाती लागणार नाही असे, बोरिक पावडर कालवलेले साखरेचे पाणी ठेवावे. डांबराच्या गोळ्या यंत्राच्या आत ठेवणारेही असतात. त्या गोळ्यांची वाफ मग रात्रभर कोणाच्या छातीत जाते, याचा त्यांनी विचार करावा.

उंदीर तांब्याच्या नळीवरचे काळे मऊ वेष्टन कुरतडतो. भूक असते म्हणून नव्हे. त्याचे पुढचे दात जन्मभर वाढत असतात, ते झिजवायला त्याला काहीतरी लागते. वेष्टन गेले की उघड्या थंड नळीवर पाणी धरते आणि भिंत भिजते. आत-बाहेरच्या भागांना जोडणारी तार तुटली तर यंत्र चुकीच्या खुणा दाखवीत बसते. उपाय साधा. नळ्या व तारा प्लास्टिकच्या बंद पन्हळीतून न्याव्यात, आणि भिंतीतले भोक आतून-बाहेरून बुजवावे. नुसता फेस भरला तर उंदीर तोही खातो. आधी भांडी घासायच्या तारेचा बोळा, मग वरून पुट्टी. पावसाळ्यात झापांनी खिडक्या-पडव्या झाकायची आपली जुनी रीत, म्हणून काहीजण बाहेरच्या भागालाही ताडपत्रीत गुंडाळतात. तो भाग पावसात उभा राहण्यासाठीच बनवलेला असतो. ताडपत्रीखाली ओल कोंडते आणि उंदरांना आयते घर मिळते. उंदरांमागून धामण येते. ती आली तर काठी शोधू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला संरक्षण आहे, वनखात्याला कळवावे.

आता नळीविषयी. आमचे खरे नुकसान तिने केले, आणि ते पैशांत मोजता येत नाही.

वातानुकूलन यंत्र मुळात हवा थंड करण्यासाठी निघालेच नव्हते, हे कित्येकांना नवल वाटेल. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगे आणि रंगांचे ठसे एकमेकांवर जुळत नसत. विलिस कॅरिअर या तरुण अभियंत्याने हवेतला ओलावा काढण्याची योजना आखली, आणि त्यातून हे यंत्र जन्मले. आजही त्याचे निम्मे काम पाणी काढण्याचेच आहे. आपल्याकडच्या दमट दिवसांत दीड टनाचे यंत्र ताशी लिटर-दीड लिटर पाणी सहज काढते. रात्रभर चालले तर बादली भरते. हे सारे पाणी अंगठ्याएवढ्या नळीतून, निव्वळ उताराच्या जोरावर, बाहेर जायचे असते.

नळी तुंबते ती बहुधा कचऱ्याने नव्हे, शेवाळासारख्या बुळबुळीत साक्याने. हवेतली धूळ आणि ओल मिळाली की जंतूंची वाढ होऊन हा साका आतल्या पन्हळीत व नळीत धरतो. दुसरे कारण बाहेरच्या तोंडाशी असते. तिथे कुंभारीण माशी मातीचे घर बांधते, आणि नळी शिशीच्या बुचासारखी बंद होते. तिसरे कारण बसवणाऱ्याची घाई. नळी मध्येच झोळासारखी लोंबली की त्या झोळात पाणी अडते. तोंड बादलीच्या पाण्यात वा गटारात बुडलेले असेल तर आतली हवा कोंडून पाणी उतरतच नाही. आमच्या नळीला भिंतीच्या आत असाच झोळ होता.

जुलैत एका पहाटे सूनबाई आत्याबाईंना चहा द्यायला गेल्या आणि पलंगाशेजारच्या ओल्या फरशीवर त्यांचा पाय सरकला. त्या सावरल्या. पाच मिनिटे उशीर झाला असता, तर त्या फरशीवर काठी टेकीत आत्याबाई उतरल्या असत्या, आणि पुढचा विचार मनात आणवत नाही. पाणी कुठून आले ते पाहताना लक्षात आले की ते समोरून थोडेच ठिबकत होते. पुष्कळसे भिंतीतूनच खाली झिरपत होते, बहुधा कित्येक दिवस. त्या भिंतीत कोनाड्याचे जुने कपाट आहे. त्यात आजोबांच्या भजनाच्या वह्या होत्या. उत्सवांत, सप्ताहांत म्हणायची पदे, कोणत्या पदाला कोणती चाल, कोठे आवर्तन धरायचे, हे सारे त्यांनी टाकाच्या शाईने स्वतः उतरवलेले. पाच वह्यांपैकी दोन खालच्या फळीवर होत्या. पाने एकमेकांना चिकटली होती आणि शाई निळ्या ढगासारखी पसरली होती.

यंत्रातून पाणी गळू लागले तर आधी दोन कारणांतला फरक ओळखावा. जाळी धुळीने भरली की हवा कमी जाते, आतल्या थंड नळ्यांवर बर्फ धरतो, आणि यंत्र बंद केल्यावर तो वितळून धार लागते. झाकण उघडून पाहिले की बर्फ दिसतो. जाळी दर पंधरा दिवसांनी साध्या पाण्याने धुवावी, हे काम घरचे कोणीही करील. बर्फ नसेल आणि यंत्र चालू असतानाच ठिबकत असेल, तर दोष नळीचा. यंत्र बंद करावे, प्लग काढावा, आणि बाहेरच्या तोंडाकडून ओढणाऱ्या पंपाने साका ओढून काढावा. सायकलच्या पंपाने बाहेरून हवा मारणारे लोक आहेत. त्याने घाण उलटी पन्हळीत जाते आणि चार दिवसांनी परत येते. मग वरून कोमट पाणी सोडावे. बाजारातले फरशी धुण्याचे ॲसिड कदापि वापरू नये, ॲल्युमिनिअमचे पाते त्याने खाऊन जाते. नळीत अर्धी वाटी पातळ केलेले व्हिनेगर चालते, पण नळीतच. तांब्याच्या नळ्यांवर ते उडता कामा नये. अशा आम्लांच्या वाफेने तांब्याला एक विशिष्ट गंज चढतो, आणि सूक्ष्मदर्शकाखाली तो मुंग्यांच्या वारुळासारखा दिसतो म्हणून त्याला नावही तसेच पडले आहे. शेवटी, मृग लागण्याआधी मेकॅनिककडून पन्हळीत तांब्याभर पाणी ओतवून ते बाहेर किती वेळात येते हे स्वतः उभे राहून पाहावे. आम्ही आता ७ जूनच्या आधी ते करतो. बाहेरच्या तोंडाला मोठ्या भोकांची जाळी बांधली आहे. बारीक बांधली तर तिच्यातच साका अडतो.

भिंत फोडून नळी सरळ उताराची केली. वह्या सावलीत, पानांमध्ये टिपकागद घालून, पंख्याखाली दहा दिवस वाळवल्या. एकीतली बहुतेक पाने उलगडली. दुसरीतली पदे आत्याबाईंना पुष्कळशी पाठ होती. त्या सांगत गेल्या आणि नातवाने लिहून घेतली. सात पदांच्या नुसत्या पहिल्या ओळी उरल्या आहेत. ती जुन्या भजनी मंडळातल्या कोणाकडे मिळतात का, याची चौकशी चालू आहे.

नळीचे तोंड आता परसात एका बादलीच्या काठावर, पाण्याला टेकणार नाही असे, सोडले आहे. ते पाणी फरशी पुसायला व अंगणातल्या झाडांना घालतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालावे असे एकाने सुचवले होते, पण त्यात धूळ आणि धातूचे अंश असतात, तेव्हा ते नको. तुळशीला घालायलाही आत्याबाईंनी मनाई केली आहे. यंत्राचे उष्टे पाणी वृंदावनात चालणार नाही, असे त्यांचे म्हणणे आहे.